तिथं टपोरीच बसायचे?

आमच्या अमळनेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाद पेटला. गावातली बंद पडलेली टॉकीज पाडून गाळे काढावेत की नाही? एकानं लिहिलं, "पाडा. तिथं टपोरीच बसायचे." त्याला आठ लाइक पडले.

मला ते फार लागलं. माझी माय तिथं बसायची. दुपारच्या खेळाला, लेडीजमध्ये. "चाल वं, टाकीजमा जाऊत," अशी गल्लीतून हाक आली की हातातली भाजी तशीच टोपलीत टाकून ती निघायची. मी मांडीवर, म्हणजे माझं तिकीट लागत नसे. रडायचा प्रसंग आला की अख्ख्या रांगेचे पदर डोळ्यांना लागायचे. घरी त्यातली एकही बाई कुणासमोर रडल्याचं मला आठवत नाही. पाळी सुटली की प्रताप मिलचे कामगार यायचे, केसांत कापसाचे तंतू तसेच. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की खेड्यांवरची माणसं पोराबाळांसह यायची. हे सगळे टपोरी?

इथं इंग्लंडात, लीड्समध्ये माझ्या घराजवळ हाइड पार्क पिक्चर हाउस आहे, १९१४ सालचं. आत अजून गॅसचे दिवे आहेत. अंधारात प्रेक्षकांनी वावगं वागू नये म्हणून ते मंद तेवत ठेवायचे. म्हणजे टपोरी इथंही होतेच की! म्हणून कुणी थेटर पाडलं नाही. राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. जुनं जपायची अक्कल यांना आहे. आपल्याकडं जुनं म्हणजे अडगळ.

आणि प्रेक्षक आपोआप गेले असं म्हणू नका. एका पडद्याच्या टॉकीजच्या तिकिटावर जबर करमणूक कर होता, तेव्हा नव्या मल्टिप्लेक्सला सुरुवातीची काही वर्षं सूट होती. त्यात कोणता मालक खुर्च्या बदलणार?

हे सगळं मी तावातावानं ग्रुपवर टाकलं. बालमित्रानं एवढंच विचारलं, "भो, तू शेवटचा कधी गेलता तिथं?"

दहावीच्या सुट्टीत. त्यानंतर दर वेळी गावी गेलो, त्या रस्त्यानं गेलो, पण तिकीट काढलं नाही. मुलांना सिनेमा दाखवायला नाशिकला नेलं. हाइड पार्कची वर्गणी मात्र दरसाल न चुकता भरतो. आमची टॉकीज कोणत्या साली बंद झाली, तेही मला मित्रालाच विचारावं लागलं.

रात्री मायला फोन केला. तिथं शेवटचा सिनेमा कोणता पाहिलास, विचारलं. सिनेमा तिला आठवेना. शेजारी कोण कोण बसायचं, ते तिनं रांगेनं सांगितलं. त्यातल्या दोघी आता नाहीत.