पिशवीवर नाव नसतं

बेळगावच्या आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर फलकावरून वाद चाललाय. रक्तदान शिबिराचा फलक. आधी तो नुसता मराठीत छापायचं ठरलं होतं. मग कुणीतरी आठवण करून दिली, की पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कर्नाटकात २०२४ पासून कायदा आहे, ऐन दिवशी कुणी येऊन फलक उतरवला तर शोभा होईल. त्यावर दुसऱ्याचं म्हणणं, रक्त आमचं, मांडव आमचा, मग फलक का दुसऱ्याच्या मर्जीचा? मग सीमाप्रश्न निघाला: बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं ते १९५६ आलं, ते तिथेच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल आला, सुप्रीम कोर्टात २००४ पासून पडून असलेला महाराष्ट्राचा दावा आला. इकडे इंग्लंडात लेस्टरमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी दोनशेच्या वर मेसेज वाचले. त्यात रक्ताविषयी एकच ओळ होती, तीही फलकावर टाकायला म्हणून सुचवलेली: 'रक्ताला भाषा नसते'.

ही ओळ दोन्ही बाजूंना लगेच पटली. मला नाही पटली.

रक्ताला भाषा नसेल, पण पत्ता असतो. मी इथे पहिल्यांदा रक्त द्यायला गेले तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये पडद्याआड बसवून एका बाईंनी माझी जी चौकशी केली, ती लग्न ठरवतानाही कुणी केली नव्हती. जन्म कुठला, तिथे किती वर्षं राहिलात, शेवटचं कधी जाऊन आलात, आल्यावर ताप आला होता का. मलेरियाच्या भागात सलग सहा महिने राहिलेल्या माणसाच्या रक्ताची इथे वेगळी तपासणी होते. मी तर बेळगावच्या शहापुरात सलग चोवीस वर्षं राहिलेली. शिवाय भारतात जाऊन आलं की पुढचे चार महिने रक्त देता येत नाही. दरवर्षी आईकडे जायचं, मांडे-कुंदा खायचा आणि परत आल्यावर चार महिने बाद व्हायचं, असा माझा नेम झालाय.

गटाचंही तेच. मी बी पॉझिटिव्ह. आमच्या घरात पाचांतले तिघं बी, त्यामुळे त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. भारतात शंभरातल्या तीसेक जणांचा गट बी निघतो. इंग्लंडमध्ये बी पॉझिटिव्ह शंभरात आठाच्या आसपास. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी, आणि जन्मभर, रक्त घ्यावं लागतं. त्यांच्यातली बरीच मुलं आपल्याकडच्या मुलुखांतून आलेल्या घरांतली. अशा वेळी ए-बी-ओच्या पलीकडचे बारीकसारीक उपगटही जुळलेले बरे असतात, आणि ते आपल्यासारख्यांच्या रक्तात जास्त जुळतात. म्हणून इथली रक्तसेवा आशियाई माणसांना मुद्दाम हाका मारते. तुमचंच रक्त पाहिजे असं मला या देशात पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते या लोकांनी.

आणि बॉम्बे गट? १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. साध्या तपासणीत हे रक्त ओ दिसतं, पण त्या माणसाला ओ रक्त चालत नाही, फक्त त्याच्याच गटाचं चालतं. जगात अत्यंत दुर्मीळ आणि त्यातल्या त्यात आढळतो तो आपल्याच भागात. शहराची मुंबई झाली, गट बॉम्बेच राहिला. आमच्या बेळगावचंही २०१४ मध्ये बेळगावी झालं, हे जाता जाता.

तेव्हा रक्त कुठलं, हे कळतं. कळायलाच हवं, नाहीतर ते चुकीच्या माणसाला जाईल. नसतं ते नाव. पिशवीवर आकडे असतात, गट असतो, तारीख असते. नाव नसतं. मला या सगळ्या प्रकारात आवडलेली गोष्ट ही एवढीच.

ते प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते, कारण ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी शिबिरं भरवलीत पण हात पुढे केलेला नाही. (नावं घेत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.) आधी अर्धा लिटर पाणी प्यायला लावतात. बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. तो चटकन बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं. मग नाव आणि जन्मतारीख विचारतात, ती तीन-तीनदा, दर वेळी तुमच्याच तोंडून वदवून घेतात. सुई टोचते तेव्हा दुखतंच, 'मुंगी चावल्यासारखं' म्हणणाऱ्यांना बहुधा मुंग्याच कमी चावल्या असाव्यात. पण ते दोन सेकंद. त्यानंतर नळी दंडाखाली हातावर चिकटवतात, आणि ती गरम लागते. पहिल्यांदा मी दचकले होते. आपलंच रक्त बाहेरून हाताला लागतं आणि ते गरम असतं, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. खाली पिशवी पाळण्यासारखी हलत असते. पायाची अढी घालून मांड्या आवळा-सोडा करायला सांगतात, चक्कर येऊ नये म्हणून. ४७० मिलिलिटर झालं की यंत्र टिंग करतं. सात-आठ मिनिटं. मग वेफर्स, बिस्किट, सरबत, आणि समोर बसलेल्या अनोळखी आजोबांशी हवेच्या गप्पा.

त्या दिवशी काही उदात्त वगैरे वाटत नाही. भूक लागते. झोप छान लागते. खरी मजा नंतर येते, पाच-दहा दिवसांनी, फोनवर. तुमचं रक्त अमुक गावच्या इस्पितळाला दिलं, एवढाच निरोप. पहिल्यांदा नॉटिंगहॅम आलं. मी बसस्टॉपवर उभी होते. नॉटिंगहॅमला मी तोवर गेलेही नव्हते, तिथे माझं कुणी नाही. पण पुढे एकदा रेल्वेने तिथून जाताना मी उगाच खिडकीला नाक लावून बसले. नवरा म्हणाला, "कोण राहतं इथे?" मी म्हटलं, "माहीत नाही."

एकदा थेंब तरंगला. मग यंत्रावर मोजलं तर ११९ निघालं, हवं होतं १२५ (आपल्याकडच्या मोजणीत ११.९ आणि १२.५). एसएसएलसीत, म्हणजे दहावीत, नापास झाल्यासारखी मी कोट घालून बाहेर पडले. बाईंनी जेवणाबरोबर चहा घेऊ नका म्हणून सांगितलं, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. बेळगावच्या बाईला हे सांगणं म्हणजे श्वास घेऊ नका म्हणण्यासारखं. आईने हळिवाचे लाडू पाठवले. चार महिन्यांनी थेंब बुडाला आणि मी त्या बाईंना लाडू नेऊन दिला, तो त्यांनी नियमाप्रमाणे घेतला नाही.

आता घरची गोष्ट. २००९ साली आईची गर्भाशयाची शस्त्रक्रिया होती, शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात. आदल्या संध्याकाळी सांगितलं, दोन बाटल्या लागतील, दोन माणसं आणा. (पिशव्या येऊन कितीतरी वर्षं झाली, आपण अजून बाटल्याच म्हणतो.) दादाने चंदगडच्या मामाला फोन केला आणि रात्री दहाला जीपमधून चार पोरं उतरली. एकाचं वजन भरलं नाही. एकाने संध्याकाळी 'घेतली' होती, ते वासावरूनच कळलं. एकाला कावीळ होऊन गेलेली. चौथ्याचं घेतलं. दुसऱ्या पिशवीसाठी आम्ही फाटकाशी उभे असताना एक माणूस जवळ आला, हळूच म्हणाला, "बी पाहिजे काय? हजार रुपये." पैसे घेऊन रक्त देण्यावर सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात बंदी आहे. अकरा वर्षांनंतरही तो माणूस फाटकाशी होता. दादाने त्याला शिवी घातली आणि स्वतः आत गेला, आदल्या महिन्यातच देऊन आलेला असताना, आणि आत खोटं बोलला. मी तेव्हा ४३ किलोची. कॉलेजच्या शिबिरातही माझा नंबर लागला नव्हता; हद्द ४५ किलोची, म्हणून मला कोकम सरबत वाटायला बसवलं होतं.

ते चौघं रात्रीचे डोंगर उतरून आले, हे मी विसरलेले नाही. इथे लेस्टरमध्ये माझ्यासाठी रात्री दहाला जीपमधून कुणी येणार नाही. यायची गरज पडणार नाही, हाच इथला मोठेपणा. पण ते दोन्ही एकाच वेळी का असू शकत नाही, हे मला कळत नाही.

आणि इथलं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असंही कुणी समजू नये. १९७०च्या दशकापासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत याच देशात दूषित रक्त आणि रक्तापासून केलेली औषधं देऊन तीस हजारांहून अधिक माणसांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी झाला, सुमारे तीन हजार गेली. त्यातलं बरंचसं औषध अमेरिकेतून आलेलं, तिथे पैसे देऊन, अगदी तुरुंगातल्या कैद्यांकडूनसुद्धा घेतलेल्या रक्तद्रवातून बनलेलं. चौकशीचा अहवाल यायला २०२४चा मे उजाडला. तो वाचताना मला फाटकाजवळचा माणूस आठवत होता.

तर शिबिरं. आमच्याकडे रक्तपिशवीवर नाही, पण बाकी सगळीकडे नाव असतं. नेत्याचा वाढदिवस, मंडळाचं रौप्यमहोत्सवी वर्ष, वर फोटो, खाली सौजन्य, हातात स्टीलचा डबा. एक नोव्हेंबरला आम्ही काळा दिन पाळतो, पलीकडे कन्नड राज्योत्सव. दोन्हीकडच्या भाषणांत रक्ताच्या शेवटच्या थेंबाची भाषा. शेवटचा थेंब कुणी मागितलेला नाही. बेळगावच्या इस्पितळांत, बिम्सला असो, केएलईला असो, पहिले ३५० मिलिलिटर पुरतात आणि ते दर तीन महिन्यांनी पाहिजेत, बायकांकडून चार महिन्यांनी. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट्स पाच दिवस. एका दिवशी तीनशे जणांनी रांग लावली आणि पुढे अडीच महिने कुणी फिरकलं नाही, तर तो विक्रम कशाला?

मी भांडण सोडा म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवते. काका १९८६च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात हिंडलग्याच्या तुरुंगात आठ दिवस काढून आलेले आहेत, आमच्या घरात तो विषय हलका नाही. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या ८६५ सीमाभागातल्या गावांना महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत घेतलं तेव्हा २०२३ मध्ये दोन्ही सरकारं भांडली, तेही मला समजतं. पण चंदगडचा माणूस महाराष्ट्रात राहून बेळगावात ॲडमिट होतो, कारण कोल्हापूर लांब आणि बेळगाव उशाशी. त्याच्या पोटावर सुरी चालते तेव्हा शिनोळीची, दोन राज्यांमधली हद्द कुठे राहते? त्याला लागणारी पिशवी खानापूरच्या कानडी शिक्षकाने दिली की येळ्ळूरच्या मराठी पैलवानाने, हे त्याला कधीच कळणार नाही. कळू नये. कळलं तर आपण त्याचाही फलक करू.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, की फलकच नको. शिबिर नोव्हेंबरातही नको, तेव्हा सगळेच घेतात. उन्हाळ्यात घ्या, कॉलेजं बंद, पोरं गावी गेलेली, रक्तपेढ्या रिकाम्या असतात. जमल्यास त्या दिवसापुरतं नको, चाळीस जणांची यादी करा आणि दर आठवड्याला तीन-तीन जणांना पाठवा.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकाने विचारलं, "उन्हाळ्यात कुणाची जयंती आहे?"

दादाने लिहिलं, "तिकडं बसून सांगायला सोपं वाटायलंय तुला. चाळीस पोरांस्नी दर आठवड्याला कोण उठवणार? फोटो नाही, डबा नाही, काय म्हणून येतील?" त्याचं म्हणणं खोटं नाही. निरोप येतो म्हणून मी जाते, हे मलाही मान्य करायला हवं. पाच शब्दांचा का असेना, माझ्याही पदरात काहीतरी पडतंच. मी त्याला विचारलं, तुमच्या रक्तपेढीला रक्त वापरलं की एक मेसेज पाठवा म्हणून सांगून बघशील का? नाव नको, गाव नको, फक्त 'लागलं' एवढंच. तो म्हणाला, विचारतो. आणि मग त्यालाच आठवलं, की बेळगावची शिवजयंती वैशाखात असते. चित्ररथांच्या तालमी सुरू असतात, सगळी पोरं गल्लीतच असतात, आणि ऐन उन्हाळा.

वैशाखात मी येणार आहे. हिशेब करून पाहिला: परत आल्यावर इथे चार महिने मी तशीही बाद. म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात बेळगावात रक्त दिलं तर इथलं काहीच बुडत नाही. तसं ग्रुपवर लिहिलं.

दादाचा लगेच उलट प्रश्न: "वजन किती आता?"

"एकसष्ट."

"मग ये. सरबत दुसऱ्या कुणाला तरी वाटायला लावतो."