मानाची चाकरी, तीही बिनपगारी

ब्रिटिश राजघराण्याविषयी समाजमाध्यमांवर सतत फिरणारा एक मजकूर सांगतो की, ‘लेडी-इन-वेटिंग’ म्हणजे जनतेच्या पैशावर पोसलेली उमराव घराण्यातील दासी. जन्मतः गडगंज, आणि काम काय, तर राजकन्येच्या मागे फुले धरून उभे राहणे. लेडी अ‍ॅन ग्लेनकॉनर यांचे आयुष्य पाहिले, तर यातले फारच थोडे टिकते.

१९७१ पासून २००२ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या धाकट्या बहिणीचे, राजकन्या मार्गारेट यांचे निधन होईपर्यंत अ‍ॅन लेडी-इन-वेटिंग म्हणून त्यांच्या सेवेत होत्या, आणि हे पद बिनपगारी होते. शिवाय पोशाखाची व्यवस्था पाहणारे पगारी नोकर वेगळे असत, त्यामुळे ‘दासी’ हा शब्दही येथे लागू पडत नाही.

‘जन्मतः गडगंज’ हे मात्र अर्धे खरे आहे. १९३२ मध्ये जन्मलेल्या अ‍ॅन या नॉरफोकमधील होल्कम हॉलचे धनी, लेस्टरचे पाचवे अर्ल, यांची थोरली मुलगी. पण तिन्ही अपत्ये मुलीच असल्याने १९७६ मध्ये वडील वारले, तेव्हा पदवी आणि जहागीर दोन्ही चुलत शाखेतील पुरुषांकडे गेली. त्याआधी, होल्कमच्या कारखान्यात घडवलेली मातीची भांडी विकत त्या अमेरिकेत हिंडत असताना एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाचे बोलावणे तारेने आले होते. २ जून १९५३ रोजी राणीच्या झग्याचा घोळ सांभाळणाऱ्या सहा तरुणींपैकी त्या एक होत्या. घेरी आलीच तर हुंगण्यासाठी हातमोज्यात क्षारांची कुपी लपवलेली होती, आणि अ‍ॅन यांना सोहळ्याच्या वेळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी या चर्चमध्ये खरोखरच घेरी येऊ लागली होती. पुढे २०१० मध्ये पती कॉलिन टेनंट वारले, तेव्हा मृत्युपत्रात सगळी मालमत्ता सेंट लुसियातील नोकराच्या नावे निघाली. (दासी कोण आणि धनी कोण, हे मजकूर लिहिणाऱ्याने ठरवावे.)

अर्थात त्यांना कष्टकरी ठरवण्याचा हेतू नाही. कॉलिन यांनी १९५८ मध्ये विकत घेतलेल्या कॅरिबियनमधील मस्टिक बेटावरील मेजवान्या सर्वज्ञात आहेत. पण मार्गारेट ही बालपणची सवंगडी होती, आणि अ‍ॅन यांच्या मुलाला एड्स झाल्यावर लोक घरी येणे टाळू लागले, तेव्हाही ती आपल्या मुलांसह त्यांच्याकडे येत राहिली.

राहिला कामाचा मुद्दा. नोव्हेंबर २०२२ मध्ये राणी कॅमिला यांनी ही पदवी रद्द करून सहा ‘सोबतिणी’ नेमल्या, तेव्हा पत्रांना उत्तरे देणे आणि कार्यक्रमांची आखणी ही कामे त्यांच्याकडे नसतील, असे स्पष्ट करण्यात आले; म्हणजे तोवर ती लेडी-इन-वेटिंगच्याच वाट्याला येत होती.