लंगफिशची टाकी उन्हाळ्यात रिकामी करू नका

जळगाव-धुळ्याकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर लंगफिशबद्दल, म्हणजे फुप्फुसांनी श्वास घेणाऱ्या माशाबद्दल, एक मेसेज फिरतोय: 'दक्षिण अमेरिकन लंगफिशला पाणी लागत नाही. टंचाईत टाकी रिकामी करा, पिल्लू मातीत झोपून राहील.' सोबतचा फोटो माझ्या टाकीचा आहे. मजकूर माझा नाही आणि तो चुकीचा आहे.

सुकलेल्या चिखलात स्वतःभोवती कोरडं कवच करून महिनोन्‌महिने पडून राहतो, तो आफ्रिकन लंगफिश. इथे दोघांची गल्लत झालीय. ॲमेझॉन आणि पाराना खोऱ्यांतला आपला दक्षिण अमेरिकन मासाही दलदल आटली की बिळात शिरतो, पण तसं कवच तो करत नाही. बीळ ओलं राहावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. काचेच्या टाकीतली माती किती दिवस ओली राहणार? पिल्लू तडफडून मरेल.

उलटी चूकही करू नका. टाकी काठोकाठ भरून वर घट्ट काच बसवली, तर हा फुप्फुसांनी श्वास घेणारा मासा पाण्यातच गुदमरतो. मी वर चार बोटं जागा सोडतो आणि जाळीचं झाकण ठेवतो. काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेलं माझं पिल्लू थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतं, ते रोज बघतो. मोठेपणी हा मासा सव्वा मीटरपर्यंत वाढतो, हेही घेण्याआधी लक्षात घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.