माशाचे तोंड कोणाकडे?

कोल्हापुरात चार घरची माणसे एकत्र बाहेर जेवायला न्यायची असतील, तर आधी हॉटेल नव्हे, वार ठरवावा लागतो. सोमवार महादेवाचा म्हणून ताई पाळते. मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे असल्यामुळे आत्ती पाळते. गुरुवारी दाजी नृसिंहवाडीला गेले नाहीत, तरी मनाने तेथेच असतात. शनिवार माझ्या पैलवान मित्राने तालमीतल्या मारुतीला वाहिलेला आहे आणि रविवार जोतिबाचा म्हणून सौभाग्यवतींच्या माहेरी पाळतात, ती प्रथा त्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर घेऊन आल्या आहेत. उरतो बुधवार. त्यातून संकष्टी आणि एकादशी वजा करायच्या, श्रावण आणि नवरात्र वगळायचे, आणि मासे खायचे असतील तर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेही दोन महिने सोडून द्यायचे. एवढ्या वजाबाकीनंतर दिवाळी उलटल्यावरचा एक बुधवार हाती लागला आणि त्या बुधवारी आम्ही नऊ जण चिनी पद्धतीचे मासे खायला निघालो.

ही कल्पना पुण्याहून आलेल्या भाच्याची होती, परंतु जबाबदारी माझ्यावर आली. याचे कारण असे की, चौदा वर्षांपूर्वी बँकेच्या प्रशिक्षणासाठी मी चार दिवस कोलकात्याला गेलो होतो आणि त्यातली एक संध्याकाळ टांग्रा या चिनी वस्तीत काढून आलो होतो. तेथे हक्का समाजाच्या लोकांनी आधी चामडे कमावण्याचे कारखाने काढले आणि पुढे खाणावळी थाटल्या. कोल्हापूरही चपलांचे गाव असल्यामुळे मला त्या वस्तीबद्दल उगीचच जवळीक वाटली आणि परत आल्यावर मी तिचे वर्णन जरा जास्तच वेळा केले. तेव्हापासून आमच्या घराण्यात चीन या विषयावरचा अधिकारी पुरुष मी आहे. सीमेवर काही झाले तरी दाजी मला फोन करतात.

हॉटेल शहराच्या बाहेरच्या अंगाला होते. दारावर लाल कागदी कंदील, आत भिंतीवर सोनेरी ड्रॅगन आणि ड्रॅगनच्या खाली उदबत्ती लावलेला अंबाबाईचा फोटो. प्रवेशद्वाराशीच माशांची काचेची पेटी होती. चिनी हॉटेलांत पेटीतला जिवंत मासा गिऱ्हाईक बोटाने दाखवते आणि तोच शिजून येतो, ही माहिती मी उत्साहाच्या भरात सांगून बसलो. आत्ती पेटीपाशी थांबली, चष्मा नीट करून तिने आत पोहणारे चार शोभेचे मासे मंडईत बघावेत तसे पारखले आणि वाढप्याला म्हणाली, "ह्यातला नको बाबा. लई बारीक हायत. नुसतं काटंच निघतील." वाढप्याच्या अंगात गळाबंद लाल चिनी कोट होता, पण बोलण्यात राधानगरी होती. तो म्हणाला, "न्हाई आज्जी, ती मालकांची हायत. नावं ठेवल्यात त्यांस्नी."

आम्हाला गोल टेबल मिळाले. त्याच्या मध्यभागी काचेची मोठी फिरती चकती होती, जिच्यावर ठेवलेले पदार्थ हाताने फिरवून ज्याने त्याने आपल्यापुढे घ्यायचे असतात. या चकतीने पुढे काय घडवले ते यथावकाश येईलच. आधी सूप.

नऊ माणसांत सूप मागवणे हे अपूर्णांकांचे गणित आहे. 'वन बाय टू' या सर्वमान्य पद्धतीने साडेचार सूप लागत होती. अर्धे सूप मिळत नसल्यामुळे एकाला पूर्ण वाडगा द्यावा लागणार होता, आणि तो कोणाला यावर पाच मिनिटे एवढा संकोच चालला, की प्रत्येकाला तो वाडगा हवा आहे हे उघड झाले. खेकड्याचे सूप आले. आत्तीने एक चमचा घेतला. पांढऱ्या रश्शात जिची हयात गेली, नारळाचे दूध, खसखस आणि तीळ यांचे प्रमाण जी डोळे मिटून सांगते, त्या बाईने वाडग्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ह्यात खळ कुणी घातली?" ती खळ नसून मक्याचे पीठ असते, असे मी समजावून सांगितले. "मग खळच की," ती म्हणाली आणि तिने वाडगा पैलवानाकडे सरकवला. पैलवानाने तो आणि आपला असे दोन्ही तोंडाला लावून रिकामे केले. पांढरा रस्सा पितात तसेच, चमच्याचा अपमान करून.

मेनूकार्ड वाचण्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी आपापली कार्डे मिटली आणि माझ्याकडे पाहिले. मी शेजवान कोळंबी सुचवली. सुचवताना गप्प बसलो असतो तर चालले असते, पण अधिकारी पुरुषाला गप्प बसता येत नाही. मी सांगितले, की शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत. तेथून समुद्र हजारेक किलोमीटर लांब असल्यामुळे शेजवान कोळंबी ही, एका अर्थाने, समुद्र नसलेल्या माणसांच्या नावाची कोळंबी आहे. दाजी म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच की. आपलं तरी कुठं घराम्होरं बंदर हाय?" रत्नागिरी आमच्यापासून सुमारे १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट, आणि मासा बर्फात झोपून येतो, हे खरेच होते. पुढे मी असेही सांगितले, की सिचुआनी स्वयंपाकात जिभेला झिणझिण्या आणणारे जे फळ असते, ते कोकणात बांगड्याच्या आमटीत घालतात त्या तिरफळाचे सख्खे भावंड आहे. यावर ताईचा चेहरा उजळला. कोळंबी आली तेव्हा तिने एकेक तुकडा चाळून पाहिला. तिरफळ काही निघाले नाही. लसूण, लाल मिरची आणि लाल रंग यांखेरीज त्यात काहीच नव्हते. "तुझं तिरफळ कुठाय?" असे तिने मलाच विचारले, जणू स्वयंपाकघरातून मीच ते खिशात घालून आलो होतो.

मुलांनी मंचुरियन मागवले. हा पदार्थ मंचुरियात मिळत नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी तो १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात प्रथम केला, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि मक्याचे पीठ घालून. हे मी सांगणारच होतो, परंतु सौभाग्यवतींनी टेबलाखालून पायावर पाय दिला.

मधल्या काळात पैलवानाने चॉपस्टिक्स उचलल्या होत्या. ज्या हातांनी त्याने पाटगाव-गारगोटीपासून कर्नाटकापर्यंतची मैदाने मारली, त्या हातांत त्या काड्या दात कोरायच्या वाटत होत्या. भाच्याने धरायची रीत दाखवली. खालची काडी स्थिर ठेवायची, हलवायची ती फक्त वरची. पैलवानाने मान डोलावली, नजर कोळंबीवर रोखली, मांडी ठोकली आणि पकड घातली. कोळंबी उसळून थेट दाजींच्या पाण्याच्या ग्लासात पडली. दुसरीला त्याने बाजूने धरले, ती निसटून टेबलाखाली गेली. तिसरीच्या वेळी काडीच मोडली. "मातीत असती तर सुटली नसती," एवढेच तो बोलला आणि त्याने बोटांनी ताटली साफ केली.

आता मुख्य मासा. आले, कांद्याची पात आणि सोया सॉस घालून वाफवलेले अख्खे पापलेट मागवायचे ठरले. मेनूत त्याच्यापुढे दर नव्हता, 'साइजप्रमाणे' असे लिहिले होते. दाजी निवृत्त तलाठी आहेत. क्षेत्रफळ न सांगता दर सांगणाऱ्या माणसावर त्यांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. त्यांनी वाढप्याला हाताने माप दाखवायला लावले, मग स्वतः वितीने टेबलावर मोजले, आणि शेपूट मापात धरली आहे की नाही याचा खुलासा मागितला. वातावरण निवळावे म्हणून मी म्हणालो, की रुपेरी पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे. "म्हणूनच," दाजी म्हणाले, "मंत्र्यागत खर्च काढतोय."

मासा आला. लांबट ताटलीत, डोक्यासकट, शेपटीसकट, आमच्याकडे एका डोळ्याने पाहत. वाढप्याने ताटली चकतीवर ठेवली. येथे माझ्या हातून ती चूक झाली जिच्याबद्दल मला घरी अजून बोलणी बसतात. मी सांगितले, की चिनी लोकांत माशाचे तोंड मानाच्या पाहुण्याकडे करून ताटली ठेवतात आणि त्याने सुरुवात केल्याशिवाय इतर कोणी माशाला हात लावत नाही. माशाचे तोंड त्या वेळी दाजींकडे होते. दाजी खूश होतील असे मला वाटले होते. त्यांनी मात्र माझ्याकडे, मग माशाकडे, मग मेनूतल्या 'साइजप्रमाणे'कडे पाहिले आणि म्हणाले, "मानाचा पाव्हणा म्हंजे बिल त्यानं द्यायचं, आसं असंल." आणि अगदी सहज, सोया सॉसची बाटली हवी असल्यासारखे, त्यांनी चकती चार बोटे फिरवली. तोंड माझ्याकडे आले.

मग मलाही सोया सॉसची बाटली हवी झाली.

त्यानंतरची दहा मिनिटे आमच्या टेबलावर जे घडले त्याला जेवण म्हणणे कठीण आहे. चकती फिरवली तर तोंड कोणाकडे थांबेल याचा नेम नव्हता आणि ते आपल्याकडे थांबले तर काय, या धास्तीने कोणी चकतीला हात लावीना. परिणामी ज्याच्यापुढे जे आले होते, त्याच्यावरच त्याला निर्वाह करावा लागला. आत्तीपुढे नूडल्स होत्या, त्या ती एकेक करून शेवयांसारख्या निरखीत होती. भाच्यापुढे फक्त भात होता. पैलवानापुढे व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्यांची वाटी तेवढी होती, ती त्याने तक्रार न करता संपवली. मासा मधोमध थंड होत होता. अखेर धाकट्याने आपल्या मंचुरियनसाठी चकतीला असा जोराचा हिसका दिला, की पापलेटाने सर्व नातेवाइकांचे दर्शन घेत तीन प्रदक्षिणा घातल्या. आम्ही सगळे श्वास रोखून पाहत होतो. तोंड थांबले ते आत्तीपुढे.

ऐंशीच्या घरातल्या आत्तीला आमचे राजकारण कळले नव्हते, किंवा कळूनही तिने त्याला किंमत दिली नव्हती. "थंड झाला की रं," म्हणून तिने सरळ हात घातला. वरची बाजू वाटून झाली. दाजी मासा उलटवायला निघाले तेव्हा मी त्यांना थांबवले. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचे कोळी ताटातला मासा उलटवीत नाहीत, तसे केले तर नाव उलटते असे ते मानतात. "कुठली नाव? रंकाळ्यातली?" दाजींनी विचारले. एवढ्यात आत्तीने शेपटीकडून काटा धरून अख्खा सांगाडा डोक्यासकट अलगद उचलला आणि बाजूला ठेवला. खालची बाजू तशीच मोकळी झाली. चिनी माणसेही नेमके असेच करतात. कोळंबी-सुकट सोडून जिने फारसा समुद्र पाहिलेला नाही, त्या बाईला हे कोणी शिकवले, असे मी विचारले. ती म्हणाली, "भूक."

बिल आले आणि माणसे एकदम बदलली. वाढपी समोर उभा होता, शेजारच्या टेबलावरची मंडळी पाहत होती. ज्यांनी इतका वेळ माशाची नजर चुकवली, ते सगळे "मी देतो, मी देतो" करीत उठले. या झटापटीचे एक शास्त्र आहे. पाकीट काढायचे, पण पूर्ण नाही. समोरच्याचा हात धरायचा, पण तो सोडवून घेऊ शकेल इतपतच. दाजी आणि मी या विद्येत पंचवीस वर्षे एकमेकांविरुद्ध खेळत आलो आहोत आणि आमचा हिशेब साधारण बरोबरीचा आहे. त्या दिवशी पाळी त्यांची होती. मी ठरल्याप्रमाणे "दाजी, तुम्ही राहू द्या" म्हणून पाकीट अर्धे काढले, त्यांनी ठरल्याप्रमाणे माझे मनगट धरले, आणि मी आता हरणार तोच मागून पैलवानाने दाजींना कवेत घेतले. मित्राची अब्रू पणाला लागली आहे असा त्याचा प्रामाणिक समज झाला होता. "दे भावा, निवांत दे," तो म्हणाला, "मी धरलंय ह्यास्नी." दाजींचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्यांनी सुटण्याचा फारसा प्रयत्न केला असे मला काही दिसले नाही. मी चार हजार आठशे चाळीस रुपये मोजले.

"सायेब, डोकं पार्सल करू?" वाढप्याने विचारले. आत्तीने आधीच पिशवी पसरली होती.

ते डोके आत्तीच्या फ्रीजरमध्ये सगळ्यांचे वार जुळेपर्यंत आठवडाभर राहिले. पुढच्या बुधवारी सकाळी तिचा फोन आला. तिने ते कांदा-लसूण चटणी आणि सुके खोबरे घालून तांबड्या रश्शात टाकले होते. मी विचारले, कसा झालाय. "बरा झालाय. त्यातलं ते काळं पाणी जायला दोनदा धुवावं लागलं," ती म्हणाली. "सांजच्याला समदी या. भाकरी करतीया. आणि डोकं तुझ्याच ताटात वाढणार हाय. बिल तू दिलंस न्हवं?"