खुलासा : डॉजर्सचे २०२४ चे विजेतेपद आणि पिचर

लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने २०२४ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉल लीगची अंतिम मालिका) जपानी खेळाडू शोहेई ओहतानीच्या पिचिंगच्या (चेंडू टाकण्याच्या) आणि महागड्या पिचरांच्या जोरावर जिंकली, असा संदेश फिरत आहे; मीही तो न पडताळता पुढे पाठवला होता, ही माझी चूक. सप्टेंबर २०२३ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाल्यामुळे ओहतानीने त्या मोसमात पिचर म्हणून एकही चेंडू टाकला नाही. संघाचा पिचर यामामोतो याचा ३२.५ कोटी डॉलरचा करार खरा आहे. पण ग्लासनाऊ आणि कर्शॉ हे पिचर जायबंदी असल्याने प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) सामन्याची सुरुवात करून बराच वेळ चेंडू टाकणारे भरवशाचे पिचर यामामोतोखेरीज फ्लॅहर्टी आणि ब्युलर एवढेच उरले होते. म्हणूनच ९ ऑक्टोबरला, हरल्यास स्पर्धेबाहेर जाण्याची वेळ असताना, पाद्रेस संघाविरुद्धचा सामना आठ पिचरांनी मिळून ८-० असा जिंकला. धावफलकात ही आठही नावे आहेत. त्यांपैकी बांडा त्याच वर्षी मे महिन्यात क्लीव्हलँडच्या संघाकडून केवळ रोख रकमेच्या बदल्यात आला होता, तर शेवटी आलेला नॅक २०२० च्या ड्राफ्टमधून (संघांकडून होणाऱ्या नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) निवडून संघाने स्वतःच घडवला होता. पैसा होताच, परंतु त्या रात्री उपयोगी पडली ती कमी नावाजलेल्या पिचरांची ही खालची फळी. कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये आणि जिथे पाठवला असेल तिथे ही दुरुस्ती द्यावी.