मुरलेला दात आणि फुटाण्यातला गणंग

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर परत परत येतो. थोडक्यात असा: ‘साठीनंतरचे झिजलेले दात मुरलेल्या सागासारखे टणक होतात. ते शिवशिवत नाहीत, हाच पुरावा. त्यांना सुपारी, फुटाणे, ऊस यांचा व्यायाम द्या आणि मिश्रीने किंवा कोळशाने घासून चकचकीत ठेवा.’ यावेळी तो पाठवला आमच्या आत्याने, वय 67. तिचीच खालची दाढ गेल्या वर्षी फुटाण्यातल्या एका गणंगाने, म्हणजे न फुटलेल्या टणक दाण्याने, उभी चिरली होती. म्हणून हे लिहायला बसलो.

टणक होतात, हे अर्धं खरं आहे आणि घोटाळा तिथेच आहे. दाताचं वरचं कवच, एनॅमल, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. वयाबरोबर त्याच्या पृष्ठभागाजवळचा थर थोडा आणखी कठीण होतो, हे मोजलं गेलेलं आहे. पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. कानस लोखंडी सळईपेक्षा कितीतरी कठीण, म्हणून तर ती सळई घासते. पण व्हाइसमध्ये धरून सळई वाकवा, वाकेल. कानस वाकवायला जाल तर काडकन तुटेल. म्हाताऱ्या एनॅमलचा प्रवास कानशीच्या दिशेने होतो. कठीणपणा किंचित वाढतो, ठिसूळपणाही वाढतो. शिवाय कठीण होते ती वरची बाजू, आणि चावताना झिजते तीही तीच.

एनॅमलच्या आतला दाताचा मुख्य भाग म्हणजे डेंटिन. त्याची गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण दाताचा बराचसा भार तेच पेलतं. त्यात बारीक नळ्या असतात. वय वाढतं तशा त्या खनिजाने बुजत जातात आणि तो भाग काचेसारखा पारदर्शक दिसू लागतो. सुरुवात मुळाच्या टोकाकडून होते. हे इतकं नेमाने घडतं की गुस्ताफसन या स्वीडिश दंतवैद्याने 1950 मध्ये दातावरून वय ओळखण्याची पद्धत मांडली, तेव्हा दाताच्या झिजेबरोबर हीही खूण धरली. खनिज भरलं म्हणजे मजबुती आली, असं कुणालाही वाटेल. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या मोजमापांत उलटं दिसलं. अशा पारदर्शक डेंटिनचा ताठपणा जवळपास तेवढाच होता, पण चीर पसरू न देण्याची ताकद सुमारे 20 टक्क्यांनी घटलेली. तरुण डेंटिन तुटण्यापूर्वी थोडं तरी दबतं. हे जवळजवळ न दबताच तुटतं.

सागाची उपमा तर सपशेल चुकली आहे. लाकूड मुरतं म्हणजे त्यातलं पाणी जातं, आणि ते कामाचं होतं. डेंटिनमध्ये वजनाने साधारण 10 टक्के पाणी असतं आणि त्याचा चिवटपणा बराचसा त्या ओलाव्यावर टिकून असतो. वाळलेलं डेंटिन ताठ होतं आणि ठिसूळही.

आता ‘व्यायाम’. हाडाला ताण दिला की ते भरतं, कारण त्यात जिवंत पेशी आहेत. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याआधीच संपलेल्या असतात. झिजलं ते गेलं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या 1989 च्या मोजमापांनुसार ही झीज उपदाढांना वर्षाला सुमारे 15 आणि दाढांना 29 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या हिशेबाने 30 वर्षांत दाढेचा जवळपास 0.9 मिलिमीटर थर जातो, आणि उंचवट्यावर एनॅमल असतं जेमतेम अडीच मिलिमीटर. डेंटिन आतून, नसेच्या बाजूने, थोडं थोडं वाढत राहतं हे खरं, पण वरची भर कुणी घालत नाही. डेंटिन एकदा उघडं पडलं की ते मऊ असल्यामुळे लवकर झिजतं, मध्ये वाटीसारखा खळगा होतो, आणि भोवतीच्या एनॅमलच्या कडेला खालून आधार उरत नाही. मग टवका उडतो.

तार एका दिवसात तुटत नाही, वाकवून वाकवून तुटते. आत्याची दाढही एकट्या गणंगाने फोडलेली नव्हती. डॉक्टरांनी दाखवलेल्या चिरेचा एक भाग चहाच्या रंगाने काळपटला होता, म्हणजे ती चीर आधीपासून होती.

‘शिवशिवत नाही’ यावर तर आत्याचा सगळा भरवसा. नळ्या बुजल्या, नस आत सरकली, म्हणून थंड-गरम पोचत नाही. दारावरची घंटा बिघडली म्हणून कुणी आलंच नाही, असं होत नाही ना! चिरलेल्या दाढेची ओळख बहुधा वेगळीच असते: चावताना, किंवा चावून दाब सोडताना क्षणभर उठणारी कळ. ती आली तर लगेच दाखवावं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि सुपारीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. त्यावर आणखी काय बोलायचं? कोळशाने येणारी चकाकी घासून काढलेल्या थराची असते.

एक मात्र मान्य. झिजलेला, सपाट झालेला दात म्हणजे रोग नव्हे. जात्याच्या पिठातली कच खाणाऱ्या जुन्या पिढ्यांचे दात आपल्यापेक्षा जास्त सपाट असत. प्रत्येक सपाट दाताला कॅप घालायची गरज नसते.

आत्याच्या त्या दाढेला घालावी लागली. फुटाणे ती अजून खाते, फक्त ताटलीत पसरून गणंग आधी निवडते.