‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: रिस्टोअर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे

सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्यावर मागे उरणाऱ्या फाइली कशा काढाव्यात आणि त्याआधी बॅकअप का घ्यावा, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावाने प्रतिक्रिया आली आहे: “एवढी भीती घालायची गरज नाही. रिस्टोअर पॉइंट केला की काम भागतं. उरलेलं रजिस्ट्री क्लीनर दोन मिनिटांत साफ करतो. हे सगळे गिऱ्हाईक दुकानात ओढायचे धंदे. लेखात एक चित्रसुद्धा नाही.” (रिस्टोअर पॉइंट म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली स्वतःची मागची स्थिती. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगची नोंदवही, आणि तिच्यातल्या जुन्या नोंदी पुसणारं साधन म्हणजे रजिस्ट्री क्लीनर.)

चित्रांचं म्हणणं मान्य. अ‍ॅपडेटा (सॉफ्टवेअर आपल्या सेटिंग ठेवतात तो) फोल्डर लपवलेला असतो. तो दिसायला ‘हिडन आयटम्स’वर टिक करावी लागते, तिथे स्क्रीनशॉट हवा होता. टाकतो.

पण ‘धंदे’? हा शब्द मला लागला. फोंड्याच्या वरच्या बाजारात विंडोज ९८ च्या काळापासून मी संगणक दुरुस्त करतोय. लेखात मी सांगितलं काय, तर आपल्या फाइली आपल्याच घरी एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. यात माझ्या दुकानाची पायरी चढायचा संबंध कुठे येतो? बॅकअप असलेल्या माणसाला माझी गरजच पडत नाही. वेगळं मत जरूर मांडा, पण कुणाच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायची तसदी घ्यायला हवी होती. ती तुम्ही घेतलेली नाही, आणि ते तुमच्या एका वाक्यावरून उघड दिसतं: “रिस्टोअर पॉइंट केला की काम भागतं.”

नाही भागत. रिस्टोअर पॉइंट विंडोजच्या सिस्टम फाइली, ड्रायव्हर, बसवलेले प्रोग्राम आणि रजिस्ट्री मागच्या स्थितीला नेतो. तुमची कागदपत्रं, फोटो, पत्रं यांना तो हात लावत नाही. ती उडाली असतील तर परत आणत नाही. शिवाय तो त्याच डिस्कवर साठवलेला असतो. पावसाळ्यात वीज ये-जा करते, त्यात डिस्क गेली की रिस्टोअर पॉइंटही तिच्याबरोबर गेला. जागा कमी पडली की जुने पॉइंट विंडोज आपणहून पुसतं.

आमच्या तालुक्यातल्या एका देवस्थानचा संगणक माझ्याकडे आला होता. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर कुणीतरी अनइन्स्टॉल केलं. डॉक्युमेंट्समध्ये त्या सॉफ्टवेअरच्या नावाचा फोल्डर मागे राहिला. नाव सॉफ्टवेअरचं, म्हणजे कचराच असणार, असं समजून तो शिफ्ट-डिलीटने काढला. रिसायकल बिनमध्येही काही उरलं नाही. त्या फोल्डरात महाजनांची (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची) यादी होती, जत्रेच्या पत्रिका होत्या, पालखीच्या मानकऱ्यांचा क्रम होता. ओल लागलेल्या जुन्या वह्यांवरून एका निवृत्त मास्तरांनी ते सगळं टाइप केलं होतं. मग तुमच्यासारख्याच कुणाच्या सल्ल्याने रिस्टोअर पॉइंट चालवला गेला. सॉफ्टवेअर परत आलं, डेस्कटॉपवर आयकॉन आला, अलीकडच्या फाइलींच्या यादीत ‘महाजन यादी’ हे नावही आलं. क्लिक केलं की मात्र फाइल सापडत नाही एवढंच उत्तर. मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क होती. तिच्यावर पुसलेल्या फाइलींची जागा ट्रिम नावाच्या सोयीमुळे लवकरच खरोखर रिकामी होते, त्यामुळे रिकव्हरीच्या साधनांनाही काही मिळालं नाही. कारभारी माझ्यासमोर बसून होते आणि मला त्यांना नाही म्हणावं लागलं. याला तुम्ही भीती घालणं म्हणता?

अनइन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर स्वतः बसवलेल्या फाइली काढतं. तुम्ही तयार केलेल्या फाइलींना बहुतेक वेळा मुद्दाम हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून मागे जे उरतं त्यात निव्वळ कचरा असतो तसं तुमचं कामही असतं. जुने युनिकोड नसलेले मराठी फाँट घ्या, ज्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. सॉफ्टवेअर गेलं, आता फाँट कशाला, म्हणून ते काढले की त्या फाँटमध्ये लिहिलेलं प्रत्येक पत्र उघडल्यावर परकी अक्षरं आणि चिन्हांचा खच दिसतो. आपल्याकडे नाटकाच्या संहितांपासून भजनी मंडळांच्या हँडबिलांपर्यंत कितीतरी मजकूर अजून तसाच पडून आहे. ‘सी’ ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातलं ‘इन्स्टॉलर’ही तसंच. जागा खातं म्हणून लोक ते रिकामं करतात, आणि मग दुसरी सॉफ्टवेअर ना अपडेट होतात ना निघतात.

रजिस्ट्री क्लीनरबद्दल फार लिहीत नाही. असली साधनं वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, हे त्यांनी जाहीर केलेलं आहे. सफाईसाठी घराघरांत वापरल्या जाणाऱ्या सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीतच २०१७ मध्ये घातक कोड घुसवला गेला होता. तुमची दोन मिनिटं तुम्हाला लखलाभ.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुन्हा लिहाल तेव्हा माणसावर न घसरता मुद्द्यावर लिहा. आणि एक करा: स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ टाइप करून ‘सी’ ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ‘ऑन’ आहे की ‘ऑफ’ ते बघा. बऱ्याच मशीनवर ते मुळात बंदच असतं. तुमच्याकडे काय दिसलं ते इथेच खाली लिहा.